लोंबतं टोक

एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात खुपसून मी एकदा अख्खा कारखाना अडवून ठेवला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या रेणूला तर नाहीच. रेणुका, माझी धाकटी जाऊ. मागच्या महिन्यात ती गेली. सकाळी तिच्या सुनेचा, शिल्पाचा फोन आला. "मोठ्या आई..." एवढंच बोलली आणि पुढं नुसता श्वास. मी गॅसवरचं दूध उतरवलं, ओटा पुसला आणि मग खाली बसले. मनात पहिला विचार आला तो रडण्याचा नव्हता. आता सांगायचं कुणाला, हा होता.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना. दोघे भाऊ मागांवर आणि आम्ही दोघी जावा ऑफिसात. पुढच्या खोलीत मी, बिलं काढायला. मागच्या खोलीत रेणू, तयार मालावर. कॉम्प्युटर आले तेव्हा मी चाळिशीत होते आणि फार म्हणजे फारच शहाणी होते. क्लास केला होता. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं होतं, उदबत्ती ओवाळताना त्यालाही थोडा धूर मिळायचा! रेणूला मीच शिकवलं, म्हणजे माऊस तिच्या हातातून ओढून घेऊन "अगं, एवढंही कळत नाही का?" असं म्हटलं. तरी ती शिकली. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात दारावर एक फळी होती, फळीवर कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा एक छोटा डबा, आणि दोन्हीकडच्या वायरी त्या डब्यात. तिनं तिकडं गठ्ठ्यांचे आकडे चढवले की मला इकडं दिसायचे. "अक्का, दिसलं का?" ती आतून ओरडायची. "दिसलं गं," मी बाहेरून. दिवसभर आमचं हेच. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, बोलण्यात जरासा कानडी हेल. माहेराहून आली की शेंगाचटणीचा एक डबा माझ्या टेबलावर गुपचूप ठेवून जायची. मागावं लागायचं नाही.

मग एकदा मी तिला न विचारता तिच्या फाइलीतले आकडे बदलले, आणि वर मामंजींसमोर "मी दुरुस्त केले" असं मिरवलं. आकडे तिचेच बरोबर होते, ते जाऊ द्या. ती एवढंच म्हणाली, "अक्का, माझ्या खोलीत शिरायच्या आधी एक हाक मारत जावा की." मला ते झोंबलं. थोरली जाऊ आणि हाक मारायची?

त्याच आठवड्यात मामंजींच्या टेबलावरचा तिसरा कॉम्प्युटर बिघडला म्हणून काढून टाकला. त्याची वायर मात्र राहिली, एक टोक डब्यात आणि दुसरं बोळात लोंबत. आता आम्ही विणकराच्या घरच्या बायका. मागावर सूत तुटलं की गाठ मारायची, ही हाताला लहानपणापासूनची सवय. सुटलेलं टोक दिसलं की बोटं आपोआप पुढं जातात. मी स्टुलावर चढले, डब्यात एक भोक रिकामं दिसलं, त्यात ते टोक बसवलं, पदरानं धूळ पुसली आणि समाधानानं खाली उतरले. काय सुंदर दिसत होतं!

थोड्या वेळानं रेणूचा कॉम्प्युटर माझ्या पडद्यावरून नाहीसा झाला. बाहेर टेंभुर्णीला जाणारा ट्रक उभा, लग्नसराईचा माल, आणि मला आतलं काही दिसेना. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला... हिनंच बंद केलं. हाक मारत जा म्हणाली होती ना! मी उठले, मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि गठ्ठे बांधणाऱ्या सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "दारं लावून घ्यायची रीत तुझ्या माहेरची असंल. आमच्यात चालत न्हाई." रेणूनं माझ्याकडं पाहिलं. "मी काय बी केलेलं न्हाई, अक्का," म्हणाली, आणि माल हातानं कागदावर उतरवायला लागली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. दोन्ही मशीन बंद करून चालू केली, दोन्हीकडं ग्रुपचं नाव एकच आहे ना ते पाहिलं, फाइली उघडायची परवानगी तपासली, अँटिव्हायरस काढून बघितला. काळ्या पडद्यावर काहीबाही लिहून इकडून तिकडं हाक मारायचा. पलीकडून ओ नाही. "तुमच्या मशीनी एकमेकींना बघायलाच तयार नाहीत, मॅडम," तो म्हणाला, आणि गठ्ठ्यांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानं खालूनच डब्याकडं पाहिलं. दिवे जोरात लुकलुकत होते, म्हणजे डबा ठणठणीत, असं त्याला वाटलं. "वायरींना कुणी हात लावला होता का?" "छे!" मी म्हणाले. खोटं नव्हतं हो ते. मी हात कुठं लावला होता, मी तर आवरलं होतं.

तो चहाला गेला तेव्हा मी फळी पुसायला म्हणून परत स्टुलावर चढले. दिवे सगळे एकदम, वेड लागल्यासारखे मिचमिचत होते. मी माझ्या त्या वायरीवर बोट ठेवून या टोकापासून निघाले आणि फिरून त्याच डब्यात पोचले. म्हणजे डब्यातलं सगळं डब्यातच गरगरत होतं. टोक उपसलं. दिवे शांत झाले. तेवढ्यात खालून आवाज आला, "स्टूल धरू का, अक्का?" रेणू. कधीची उभी होती कोण जाणे. "धूळ लई झाली होती," मी म्हणाले. तिनं स्टूल धरलं. मी उतरेपर्यंत घट्ट धरून उभी होती, आणि उतरल्यावरही क्षणभर थांबली... मग आत गेली. मेकॅनिक चहा पिऊन आला, सगळं चालू बघून म्हणाला, "बघा, सेटिंग लागू व्हायला वेळ लागतो." मी मान डोलावली. केवढी सोय झाली माझी.

त्यानंतर आम्ही कितीतरी वर्षं एकत्र काम केलं. पोरांची लग्नं केली, हसलो, एकमेकींच्या आजारपणात बसलो. "दिसलं का?" "दिसलं गं." पण शेंगाचटणीचा डबा माझ्या टेबलावर परत आला नाही, आणि माहेराबद्दल ती माझ्यापाशी कधी बोलली नाही. मी दर दिवाळीला ठरवायचे, आता सांगायचं. दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तर ठरवूनच गेले होते. तिचा हात हातात घेतला, "रेणू, ऐक..." म्हटलं. तिनं डोळे उघडले. "काय म्हणत होता, अक्का?" वाट बघत होती. आणि मी, नातवंडं असलेली बाई, म्हणाले, "काही नाही. झोप तू."

परवा शिल्पाचा फोन आला. जुने कॉम्प्युटर काढतोय, आता सगळं वायरशिवाय चालतं, तुम्हाला काही हवं असलं तर येऊन बघा. गेले. बोळातल्या त्या फळीकडं मी लाजेपायी कधी मान वर करून बघत नसे. सगळी झाडलोट रेणूच करायची. त्या दिवशी बघितलं. ती तिसरी वायर अजून तिथंच होती, आणि तिचं मोकळं टोक वरच्या झरोक्याच्या गजाला सुतानं बांधलेलं होतं. साधी गाठ नाही, आमची मागावरची, ओढली की आणखी घट्ट होणारी. सूत विटलं होतं, पण हळदी रंग ओळखू येत होता. त्या रंगाची चादर आम्ही फक्त त्याच लग्नसराईत काढली होती, नंतर कधी नाही.

म्हणजे तेव्हापासून...

मी गजापर्यंत हात नेला, तशी शिल्पा लगबगीनं पुढं आली. "राहू द्या, मोठ्या आई, ते सोडू नका. आईंनी कुणालाच सोडू दिलं नाही कधी." का, म्हणून विचारलं. पोरगी हसली, तिला बिचारीला काय ठाऊक. म्हणाली,

"आई म्हणायच्या, 'अक्काला लोंबतं टोक बघवत न्हाई. परत कुटंतरी खुपसतील, आनि परत मलाच बोलतील.'"