डिस्कवर उरलेली मारहाण

दिग्रसच्या तारिकचं घर लग्नाच्या शूटिंगवर चालायचं. २००६ च्या हंगामात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकानं त्याला नव्या यंत्राच्या पूजेचं शूटिंग करायला बोलावलं. पूजा चालू असतानाच वजनकाट्यावर भांडण पेटलं. शेतकरी पुंडलिकरावांची कापसाची गाडी माल ओला म्हणून परत पाठवली होती.

"हात घालून पाहा ना, कुठं ओला हाय?" एवढंच ते म्हणाले.

मालकाच्या माणसानं सळई उचलली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. पुंडलिकराव पडले, तरी त्याच्या आणि धावून आलेल्या दोघांच्या सळया थांबल्या नाहीत. खालचा कापूस लाल झाला. तारिकचा कॅमेरा चालूच होता.

पुंडलिकरावांचा डावा डोळा गेला. वर गुन्हा त्यांच्यावरच दाखल झाला. विळा घेऊन आधी तेच धावले म्हणे.

दुसऱ्या दिवशी मालकाची माणसं तारिकच्या दुकानात शिरली. कॅसेट घेतली, मॉनिटरात सळई खुपसली, संगणकाचा डबा रस्त्यावर आपटला. एकानं तारिकचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि दुसऱ्यानं शटर खाली ओढलं. बोटं मोडल्याचा आवाज त्याच्या बायकोला, नाजियाला, दुकानामागच्या घरात ऐकू आला. चेंबलेला डबा तिनंच घरात आणला.

"कायले आणलं हे भंगार?" तारिक कण्हला.

"शूटिंग यातबी भरलं होतं ना तुम्ही?"

भरलं होतं. डब्यातली डिस्क अजून फिरत होती. पण उसन्या संगणकावर लावली की विंडोज दरवेळी ती फॉरमॅट करू का, असं विचारायचं. हो म्हटलं की सगळं पुसलं जाणार. तारिकजवळ मासिकासोबत आलेली लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या प्रणालीची, सीडी होती. लिनक्स एका जुन्या, रिकाम्या डिस्कवर टाकायचं आणि जखमी डिस्क नुसती वाचायची, असं त्यानं ठरवलं.

फाइल उघडली. पण चित्र अडखळत, तुकड्यातुकड्यांनी यायचं. चेहरे ओळखू येईनात. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नव्हता. सायबर कॅफेतून नवा आणून टाकला, तर पडदाच काळा झाला. प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून तारिक डाव्या हातानं एकेक अक्षर दाबत राहिला. शेवटी कळलं, कार्ड जुनं, त्याला ड्रायव्हरही जुनाच लागतो. नवा काढला, जुना बसवला.

पडदा उजळला. सळई वर गेली, खाली आली. सगळं स्वच्छ. पुंडलिकरावांचे दोन्ही हात रिकामे होते.

नाजियानं त्यांच्या बायकोला, धुरपताबाईंना, बोलावून आणलं. नवऱ्याच्या तोंडावर घाव बसताना बाईंनी मान फिरवली नाही.

"पुन्हा लाव, बापू," त्या म्हणाल्या. "पहिले कोनं मारलं, मले नीट पाह्यचं हाय."

तारिकनं पुन्हा लावलं. मारणाऱ्याचा चेहरा दिसताच बाईंनी पडद्यावर अशी थाप मारली की मॉनिटर मागं सरकला.

ते चित्रण कोर्टात पुरावा म्हणून चाललं. पुंडलिकराव सुटले, सळई चालवणारे तुरुंगात गेले. मालकाला काही झालं नाही. त्याच्या धाकानं दिग्रसात तारिकला कोणी लग्नाचं काम देईना. वाकड्या बोटांत कॅमेराही धरवत नव्हता. तो पुसदला गेला आणि तिथं लोकांच्या संगणकांवर लिनक्स टाकून देऊ लागला.