दंड घातलेलं लुगडं

गेल्या वर्षी आमच्या पाली गावात सिनेमावाले आले. सिनेमा ऐंशी वर्षांपूर्वीचा, म्हणजे माझ्या सासूच्या तरुणपणातला. त्यातल्या बायकांचे कपडे बघायला पुण्याची एक मुलगी होती. तिने माझा पाणी तापवायचा हंडा मागितला आणि त्यात चहा उकळून नवीकोरी लुगडी बुडवायला लागली.

"हे काय गं?"

"आज्जी, जुनी दिसायला हवीत."

"जुनी न्हाई, घाण दिसत्यात. आमी गरीब होतो, पारोश्या नव्हतो. लुगडं रोज धुवून विटायचं."

ती मटकन ओट्यावर बसली. सिनेमा काढणाऱ्या साहेबांनी म्हणे दोनदा लुगडी परत पाठवली होती. नाटकातली वाटतात म्हणाले. उद्या सकाळीही जमलं नाही तर तिला घरी पाठवून मुंबईहून दुसरी बाई आणणार होते. एकटीने अंगावर घेतलेलं तिचं हे पहिलंच काम.

तिने मोबाईलवर फोटो दाखवले. पुण्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनात काचेमागे लुगडी मांडलेली, जरीकाठाची, घडी न मोडलेली. ती बघून हिने सगळं बेतलेलं. मी म्हटलं, ही लुगडी बड्या घरची. भात लावणाऱ्या बाईचं लुगडं काचेमागं कुठून येणार? ते फाटेपर्यंत नेसायचं, मग त्याची गोधडी.

"फाटलं की लगेच गोधडी?"

"लगेच कशी? आधी दंड घालायचा."

दंड तिला माहीत नव्हता. लुगडं मध्ये विरतं, कारण बाई त्याच्यावर बसते. तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे जोडायचे. कधी दोन वेगळ्या लुगड्यांचे तुकडे जोडावे लागत, एक हिरवा, एक तांबडा. ती जोडाची शिवण म्हणजे दंड. नेसताना तो निऱ्यांत दडपायचा. पाणवठ्यावर कुणाला दिसला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला झालंय.

मी कात्री आणली तशी ती किंचाळली. "आज्जी, नवीन आहे ते!"

"घरी जायचंय का तुला?"

तिने डोळे मिटून घेतले. मी हिरवं लुगडं मधोमध कापलं आणि त्याला तांबड्याचा तुकडा जोडला. आत सुनेला हसू आवरेना. "आत्याबाई, सिनेमाची वाट लावताय का काय?"

सकाळी ते लुगडं मी स्वतः नटीला नेसवलं. साहेब दोनदा तिच्याभोवती फिरले.

"जोड कुठाय? दिसतच नाही."

"दिसू नये म्हणूनच निऱ्यांत घातलाय," मी म्हटलं.

"पुढे घ्या. गरिबी कळली पाहिजे लोकांना."

"मग तिच्या गळ्यात पाटीच अडकवा की, गरीब हाय म्हणून."

आता ही म्हातारी आपल्याला घरी पाठवणार, असं त्या मुलीच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण मग तीच बोलली. "सर, जोड आतच राहू द्या. नटी घागर उचलायला वाकेल तेव्हा निऱ्या सुटतील आणि ती घाईने झाकेल. एकदा बघा तरी."

नटी वाकली. हिरव्यातून तांबडं दिसलं आणि तिचा हात झटकन निऱ्यांवर गेला. तो हात मी तिला शिकवला नव्हता. साहेब मुलीला म्हणाले, "बाकीची वीस अशीच कर. दुपारपर्यंत."

ती धावत माझ्याकडे आली. गळ्यातच पडणार होती, मी हाताने थांबवलं. रडायला वेळ कुठे होता? सुनेला कापायला बसवलं आणि मुलीच्या हातात सुई दिली.

"मला शिवता येत नाही, आज्जी. आमच्याकडे शिवायला माणसं असतात."

"हितं न्हाईत. बस."

तिचा पहिला दंड कोंबडी चालून गेल्यासारखा होता. तो उसवायला लावला. दुसरा चालण्यासारखा निघाला.