गार खोलीचं दार आणि उंबरा

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. पण त्या पंधरवड्यात मी सगळ्यांना नकोसं करून सोडलं. दर घटकेला उठून ट्रॅक्टरच्या शेडकडं जायचं, बघायचं, परत यायचं. बघायला काही नवीन नसायचं.

त्या शेडची गार खोली करायची कल्पना सुनेची. आदल्या वर्षी आमची डाळिंबं आणि साऱ्या निरवांगी गावाची डाळिंबं एकाच आठवड्यात तोडणीला आली. व्यापारी गाडीतून खालीसुद्धा उतरला नाही, काचेतून हात हलवून गेला. सून म्हणाली, माल पंधरा दिवस आपल्या हातात राहिला, तर कधी विकायचा ते आपण ठरवू. कुठल्याशा शिबिरातून ती हे सगळं वहीत लिहून आली होती. मुलानं ऐकलं. आतून जाड पत्र्याच्या भिंती बसल्या, गार करायचं मशीन बसलं. राहिलं फक्त दार.

दार चुकलं असतं तर माल सडला असता, आणि त्यानंतर सुनेचं घरात कुणी ऐकलं नसतं. हे मला कुणी सांगायला नको. मी नवीन असताना वांग्याच्या रोपांचं एक सुचवलं होतं. ते फसलं. पुढची वीस वर्षं मला कुणी काही विचारलं नाही.

मुलाचं म्हणणं, शेडचं जुनं शटरच राहू द्यावं, आतून थर्माकोल चिकटवू. मी म्हणाले, त्या शटरखालून पाल आत-बाहेर करते, गारवा काय तिच्यापेक्षा जाड आहे? सून हसली. सासू-सुनेचं एकमत झालेलं बघून मुलानं शटरचा नाद सोडला.

सुनेच्या स्कूटीवर मागं बसून मी बारामतीला गेले. वाटेतल्या अंथुर्ण्यापर्यंत मला कंबर होती, पुढं आहे की नाही ते कळेना. एमआयडीसीत एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये नुसती दारं भिंतीला टेकून उभी होती. तिथल्या माणसानं दाराचे कापलेले तुकडे दाखवले. दोन्हीकडून स्टीलचा पत्रा, मध्ये पिवळट फेसाचा थर, बर्फीसारखा. म्हणाला, थंड मुलखात असली दारं मोटार ठेवायच्या खोलीला लावतात.

“मोटारीला हीव भरतं व्हय?” मी विचारलं.

तो म्हणाला, तिकडं बाहेरची थंडी आत येऊ नये म्हणून लावतात. आमचं उलटं होतं, एवढाच फरक.

माठ घेताना मी वाजवून घेते. दारंही तशीच वाजवली, बोटांच्या पेरांनी, वरपासून खालपर्यंत. माठ खणखणला पाहिजे, हे दार खणखणायला नको. स्वस्तातलं एक दार मध्ये ठप्प वाजायचं आणि खालच्या कोपऱ्यात खणखणायचं. म्हणजे फेस तिथवर पोचलाच नव्हता. त्या माणसाला माझं वाजवणं आवडलं नाही. दोन गार खोल्या तिथं चालू होत्या. त्यांच्या दारांना बाहेरून हात लावून पाहिला. पातळ दाराला घाम आला होता. जाड दार कोरडं होतं.

मग मी त्या जाड दाराच्या खोलीत शिरले आणि सुनेला म्हणाले, बाहेरून लाव.

“आत्या, कशापाय? सर्दी हुईल.”

“लाव म्हनलं तर लाव. आत कोन अडकलं तर बाहेर कसं यायचं ते बघू दे.”

तिनं लावलं. आत कसला म्हणजे कसलाच आवाज नाही. आतून उघडायचा दांडा होता, त्याच्यावर हिरवी गोल मूठ. मी ढकलली, हलली नाही. दोन्ही हातांनी ढकलली. मग अंगाचा भार टाकला तेव्हा दार सुटलं. तो माणूस म्हणाला, नवीन आहे म्हणून घट्ट आहे. मी म्हणाले, माझ्या सुनेच्या एका हातानं सुटेल असं करून दे, तर घेते. त्यानं कबूल केलं. सुनेनं कागदावरचं माप त्याला दिलं. आठ दिवसांत दार घेऊन येतो म्हणाला.

आता माझी चूक सांगते.

दार यायच्या आदल्या दिवशी गवंडी जुनं शटर काढून शेडचं तोंड साफ करायला आला. मुलगा आणि सून बागेत तोडणीची तयारी करत होते. मी पाहिलं तर दाराच्या जागी उंबराच नाही, फरशी सरळ आतून बाहेर. मला ते बघवेना. लग्न होऊन आल्यापासून सकाळी उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिल्याशिवाय मी चूल पेटवलेली नाही. परड्यात एक काळा दगड पडून होता, घडवलेला, दोन बोटं उंच. मी गवंड्याला तो बसवायला सांगितला. तो म्हणाला, वहिनींना विचारलं का? मी म्हणाले, हितं मोठं कोन हाय? त्यानं दगड बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला हळदीकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. मन जरा स्वस्थ झालं.

दुपारच्या आधी दोघंजण टेम्पोतून दार घेऊन आले. चौकट उभी केली, दार लावायला गेले, तर दार खाली दगडाला अडकलं. दोन बोटं. दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी होती, ती सपाट फरशीवर दाबून बसायची असते. शिवाय क्रेट भरलेली ढकलगाडी त्या दगडावरून जाणार कशी, हेही मला तेव्हाच सुचलं. आदल्या दिवशी सुचलं नव्हतं.

कारागीर म्हणाला, दार खालून कापावं लागेल, पण कापलं की फेस उघडा पडणार, ओल शिरणार, मग आमची जबाबदारी नाही. नाहीतर दगड काढा. तेही आत्ताच, कारण आज गेलो तर पुन्हा आठ दिवसांनी येऊ. आणि फळं उद्या तुटायची होती.

मुलगा म्हणाला, दार कापा, आईनं पुजलेला उंबरा आहे. सून काहीच बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. ती नुसती त्या रबराच्या पट्टीकडं बघत उभी होती. वांग्याच्या वाफ्याकडं बघत मीही अशीच उभी राहिले होते.

“पहार आन,” मी मुलाला म्हणाले.

त्यानं पहार आणली, पण हळदीकुंकवावर घालायला त्याचा हात उठेना. कारागीरही मागं सरले. मी पदर खोचला आणि पहिला घाव घातला. माझ्या घावानं काही होणार नव्हतं, टवका उडाला एवढंच. पण मग मुलानं पहार माझ्या हातून घेतली. सिमेंट ओलंच होतं, दगड लगेच सुटला. फरशीचा खड्डा भरून, घोटून, वरून जरा आवळेपर्यंत कारागिरांना दोनदा चहा करून घातला. ते जाऊ नयेत म्हणून मी त्यांच्या टेम्पोपाशीच बसून होते.

दार बसलं. सकाळची अर्धी उदबत्ती उरली होती. सुनेनं ती पेटवली आणि बंद दाराच्या कडेकडेनं फिरवली. फट असेल तिथं धूर हलणार. खालच्या कडेला ती फरशीवर आडवी झोपून बघत होती. धूर सरळ वर गेला.

“बसलं, आत्या,” ती म्हणाली.

पुढचे बारा दिवस मी दार उघडून बघत होते. शेवटी सुनेनं मला सांगितलं, “तुमीच माल खराब कराल. दार सारखं उघडायचं न्हाय.” मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, पण दारही उघडलं नाही. पंधराव्या दिवशी तिनं एक फळ आणून माझ्यासमोर फोडलं. दाणे टणक होते, सालीला सुरकुती नव्हती. त्याच आठवड्यात व्यापारी आला. गाडीतून उतरला, चहा घेतला आणि दार आपल्या हातानं उघडून बघितलं. माल गेला. पुढच्या हंगामात काय, हे मुलगा आता सुनेलाच विचारतो.

तो काळा दगड मोरीजवळ आहे, मी त्यावर पाय घासते. आणि गार खोलीत जाताना अजून पाय उचलून टाकते. तिथं काही नाही, ठाऊक आहे. सूनही उचलते, मी पाहिलंय.