हात कपाळाच्या वर

“ओंजळ कायले धरली बे? पाणी पेऊन राह्यला का?”

ड्रिल मास्तर असं बोलले अन् सारं मैदान हासलं. चेंडू माह्या दोन्ही तळव्यात बसला होता. व्हॉलीबॉलात चेंडू असा धरला की फाउल. जाळीजवळ उभं राहून चेंडू वर उचलून द्यायचा, मंग दुसऱ्यानं उडी मारून तो हाणायचा. ते उचलून द्यायचं काम माह्याकडे होतं. संघात एक जण कमी पडत होता म्हणून मले घेतलं, नाही तं गावकुसाबाहेरच्या पोराले कोण इचारते?

फाउल खरा होता. माहे हातच तसे होते. वरून काही आलं की ते आपोआप पोटाजवळ जुळत, तळवे वर. विहिरीवर पाणी वरून ओतत, सणाची पोळी वरून टाकत. आमच्यात ओंजळ कोणाले शिकवा नाही लागत. पोरगं चालाले लागलं की त्याचे हात तसेच जातात.

आमचा कप्तान म्हणजे पाटलाचा पोरगा. तवापासून तो मले ‘ओंजळ्या’च म्हणे.

मास्तरनं एकदाच सांगतलं, “हात कपाळाच्या वर. बोटं पसर. तळव्याले चेंडू लागू देऊ नोको. अन् मान वर कर.”

मान वर कर. हे मले जलमात कोणी म्हटलं नव्हतं.

मी चिंध्यांचा चेंडू केला. घरामागं उताणा पडून वर फेकत राह्यलो. बोटं सुजली. हात पुन्हा पुन्हा पोटाकडे घसरत, अन् मले सोताच्याच हाताचा राग ये. अख्खा उन्हाळा असा गेला. मंग एका सकाळी मैदानावर चेंडू आला अन् हात आपोआप कपाळाच्या वर गेले. बोटांनी घेतला अन् सोडला, आवाजही नाही झाला. खरं सांगतो, तेवढा आनंद मले लग्नातही झाला नाही.

शेजारच्या जऊळका गावाले सामना होता, टेशनावरच्या नोकर लोकायसंग. मी उचलून देई, कप्तान हाणे. माह्या बोटातून निघालेला चेंडू त्याच्या हाताले चाले. आमी जिंकलो. त्यानं मले मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

मंग पाणी आलं. सगळे लोट्यानं पेले. माही पाळी आली तं कप्तान लोटा उंच धरून उभा राह्यला.

“धर ओंजळ.”

माहे हात खाली येऊन राह्यले होते. आपोआप. मले ते दिसून राह्यलं होतं. मी ते पाठीमागं धरले.

“लोटा दे,” मी म्हटलं.

“मातला का बे?”

मी मास्तरकडे पाह्यलं. मले मान वर कर म्हणणारा माणूस जाळीची गाठ सोडून राह्यला होता. गाठ सुटली तरी त्यानं वर पाह्यलं नाही. कप्तानानं पाणी माह्या पायापाशी ओतून देलं. मी कोरड्या घशानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मले संघातून काढलं. बाप पाटलाच्या दारात जाऊन हात जोडून आला. आल्यावर त्यानं मले मारलं, अन् मंग सोताच रडाले लागला.

“पाणी देऊन तं राह्यले होते ना रे. मंग तुले अजून काय पायजे होतं?”

बाप आयुष्यभर ओंजळीनंच पाणी पेला.

मी पुन्हा खेळलो नाही. विहीर त्यायचीच राह्यली. काही बदललं नाही, अन् बदलन असंही मले वाटत नाही.

पुढं बाप गेला, तवा मीच जवळ होतो. पाणी मांगे. मी लोटा आणला तं पडल्या पडल्या त्याचे हात जुळले, पोटाजवळ, तळवे वर. सोताच्या पोरापुढं. मी ते दोन्ही हात सोडवले, त्याची मान वर केली अन् लोटा त्याच्या तोंडाले लावला.

आता माह्या घरात कोणी ओंजळ धरणार नाही. तहानेनं मेलं तरी चालन.