एका मळ्याचे दोन अहवाल

मातीचा अभ्यास करणारा माणूस आधी खड्ड्यात उतरतो. पुरुषभर खोल खड्डा खणायचा, त्याची भिंत चाकूने खरवडायची, चिमूटभर माती ओली करून तळहातावर तिची वात वळायची. वात न तुटता लांबत गेली की माती चिकण. नोकरीच्या सुरुवातीला वारज्याच्या एका मळ्यात मी अशी वात वळली आणि अहवालात लिहिलं: खोल काळी माती, बागायतीला उत्तम.

पुढे शहरात आयटी आलं. निवृत्तीनंतर मी सल्लागार झालो, तेव्हा एका बिल्डरने मला नेमकं त्याच मळ्यात नेलं. त्याचा प्रश्न एकच होता, "साहेब, मुरूम किती फुटांवर लागेल?" मी पुन्हा खड्ड्यात उतरलो. या वेळी वात वळायची गरजच नव्हती. काळी माती पाण्याने फुगते, तिच्यावर इमारत उभी करता येत नाही. मी लिहिलं: वरचा थर निरुपयोगी, काढून टाकावा. दोन्ही अहवाल अचूक आहेत आणि दोन्हींवर सही माझीच आहे.

आता त्या मळ्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही राहतो. बाल्कनीतल्या तुळशीसाठी बायकोने माती आणायला सांगितली, म्हणून कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेलो. तिथल्या लाल मातीची सवयीने वात वळली, तर ती लगेच तुटली.

"अहो, हा नुसता भुगा आहे. चांगली काळी माती नाही का?"

नर्सरीवाल्याने मानही वर केली नाही.

"होती की, काका. इथेच होती. काढून टाकली."