पंचावन्न किलोंचा बाबाराव

ज्याला पोहता येत नाही आणि ज्याने शाळेच्या वार्षिक अहवालापलीकडे कधी काही लिहिले नाही, अशा निवृत्त शिक्षकाने एका नौकापटूविषयी लिहायला बसणे हा आगाऊपणा आहे, हे मी जाणतो. वाचकांनी तो पोटात घालावा. भीमपूरचा माझा वर्गमित्र बाबाराव नागपूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी गेला, त्याला आज पाच आठवडे झाले. ती बातमी मला कुणी कळवण्याची गरज पडली नाही. मी दाराबाहेरच्या बाकावरच होतो… आणि मनाने अजून तिथून उठू शकलेलो नाही, म्हणून हे लिहितो आहे.

बाबाराव लहान चणीचा. जोंधळा निसवून कणसे आली की त्याचे वडील त्याला शेतातल्या माळ्यावर पाखरे हाकलायला बसवीत, आणि त्याची आरोळी दोन शेते ओलांडून आमच्या विहिरीपर्यंत येई. पुढे तो फौजेत गेला. तिथल्या एका प्रशिक्षकाने ही चण आणि हा गळा एकदमच हेरला आणि पुण्यात त्याला शर्यतीच्या नावेवर कॉक्स म्हणून घेतले. कॉक्स म्हणजे स्वतः वल्हे न मारता सुकाणू सांभाळणारा आणि वल्हवणाऱ्या चौघांना आवाजाने लय देणारा गडी. गावी सुटीवर आला की चहाच्या टपरीवर त्याची हमखास थट्टा होई. "काऊन बे बाबाराव, बाकीचे वल्हे मारतेत अन् तू नुसता बोंबलतं म्हनं? अन् त्याचा पगार भेटते?" तो शांतपणे बशीतला चहा संपवी आणि म्हणे, "ते चौघं मांगं तोंड करून बसतेत. पुढचं दिसनारा मी एकटाच. मी चुकलो, का पाची जन गेले."

त्या नावेत कॉक्सची जागा बसण्याची नसे, निजण्याची असे. टोकाकडच्या अरुंद पोकळीत पाठीवर सरकत जायचे, हात अंगालगत, खांदे दोन्हीकडे घासलेले आणि वर फक्त डोके. मागचे चौघे त्याला दिसत नसत. कुणाचे वल्हे उशिरा पडले हे त्याच्या पाठीला कळे. नियमाने कॉक्सचे वजन किमान पंचावन्न किलो हवे, आणि त्यावर चढलेला प्रत्येक किलो म्हणजे चौघांनी फुकट ओढायचे ओझे. म्हणून रोज सकाळी काटा. शर्यतीच्या आठवड्यात पाणीदेखील घोटाघोटाने, आणि भर उन्हात स्वेटर घालून धावणे. अशी त्याने एकोणीस वर्षे काढली. पदके मिळाली. मोकळे करा, असे त्याने तीनदा सांगून पाहिले. "तुम छोड़ोगे, तो नाव किसके हाथ में दूँ?" या प्रशिक्षकाच्या एका वाक्यासरशी तो तिन्ही वेळा परत नावेत जाऊन निजला. जिंकल्यावर कॉक्सला उचलून पाण्यात फेकण्याची त्यांच्यात रीत आहे. तो म्हणे, "तेवढा एकच दिवस मी पोटभर जेवतो, मास्तर."

निवृत्तीनंतर तो भीमपूरला परतला, पण काट्यासकट. कपाशीचे शेत, घरची म्हैस, आणि हा माणूस अर्ध्या भाकरीवर हात धुवून उठणारा. "आता कोनती नाव अडली तुमची?" असे त्याची बायको, शांतावहिनी, करवादत. मग तो हसून एक तुकडा जास्तीचा खाई आणि तो जिरवण्यासाठी अंधार पडेपर्यंत बांधावरून चालत राही. मी मात्र वर्गात मुलांना त्याच्या संयमाचे दाखले देत असे. ते आठवले की आता मान खाली जाते.

काही महिन्यांपूर्वी त्याच्या पोटात गाठ निघाली आणि वजन झपाट्याने उतरले. डॉक्टर म्हणाले, पंचेचाळीस किलो भरलात तर शस्त्रक्रिया करू. त्याखाली शरीराला ती झेपणार नाही. महिन्याची मुदत मिळाली. वहिनींनी शिरा केला, अंडी उकडली, तुपाची धार सोडली. बाबाराव घास तोंडापर्यंत नेई आणि थांबे. एकदा तो मला म्हणाला, "गिळाची हिंमतच होत नाही रे. कोनी तरी आता काट्यावर उभं करन, असं वाटते." महिना संपला तेव्हा तो त्रेचाळीस भरला.

तपासणीच्या सकाळी वहिनी खाली चहा आणायला गेल्या होत्या. नागपुरातल्या लॉजच्या खोलीत त्याने मला दोन किलो वाळू आणायला सांगितली. "असा काय पाह्यतं? आमच्यात नियमच हाय. कॉक्स हलका भरला तं वाळूची पिशवी संग देतेत. चोरी नोहे ते." समोर कुणाचे तरी बांधकाम चालू होते. मी वाळू आणली, कापडी पिशव्यांत भरली आणि त्याच्या कमरेला, स्वेटरच्या आत, माझ्या या हातांनी बांधली. काटा पंचेचाळीसच्या किंचित पुढे थांबला. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "वा काका, जिद्द आहे!" बाबाराव समोर भिंतीकडे पाहत होता. मी तोंड उघडले… आणि मोठ्या माणसांपुढे जन्मभर जे करत आलो तेच केले. गप्प राहिलो.

त्या दोन किलोंनी काही बिघडले का, मला माहीत नाही. गाठही थांबणार नव्हती, हेही खरे. पण बाकावर वहिनींनी पदराने डोळे पुसत विचारले, "मास्तर, त्याइचं वजन तं भरलं व्हतं ना?" आणि मी "हो" म्हणालो.

हा मजकूर पाठवण्याआधी गेल्या रविवारी मी भीमपूरला जाऊन वहिनींना सगळे सांगितले. त्या बाबारावच्या बाजेच्या कडेला बसल्या होत्या. त्या बाजेचा सुंभ दोन्ही बाजूंना अजून ताठ आहे, फक्त मधोमध एक अरुंद पट्टा खोल गेलेला आहे. फौजेतून घरी परतल्यावरही तो हात अंगाला चिकटवून नावेतल्यासारखाच निजत असे. वहिनी त्या पट्ट्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याइनं सांगतलं, तुमी बांधली. ते समजलं. पन डॉक्टरले काऊन नाही सांगतलं?"

वाचकहो, आपण माझ्या जागी असता, तर त्या सकाळी डॉक्टरांना सांगितले असते का?