तपकिरी कोंबडीचं अंडं आणि हवालदार आत्या

आत्या शहरात बस चालवायची. बावीस वर्षं एकच मार्ग, स्टेशन ते मोठं हॉस्पिटल आणि परत. एवढ्या वर्षांत तिची गाडी कधी तीन मिनिटांच्या वर उशिरा पोचली नव्हती. डेपोतले लोक तिला ‘हवालदार’ म्हणायचे, तेही पाठीमागे नाही, तोंडावर, आणि तिला ते आवडायचं. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. धाकट्या भावाच्या घराच्या बरोबर खाली दोन खोल्यांत राहायची. भावाची दोन्ही पोरं तिच्याकडे इतकी पडीक असत की वहिनी म्हणायची, “वन्सं, आता यांची अंथरुणंही खालीच टाका.”

पानगळीचे दिवस होते. रस्त्याकडेची झाडं पिवळी पडली होती आणि सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटत होतं. शहराबाहेरच्या एका मळ्यात रविवारी मुलांना घेऊन जाता येतं, हवा तो भोपळा वेलावरून तोडता येतो, असं वहिनीच्या कानावर आलं आणि बेत ठरला. आत्याने लगेच सांगून टाकलं, “आठ म्हणजे आठ.”

“ताई, मळा कुठे पळून जातोय?” भाऊ म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा आणि त्याला कशाचीच घाई नसे.

आठला गाडी निघाली. भाऊ चालवत होता आणि आत्या शेजारी बसून रिकाम्या जागी ब्रेक दाबत होती.

मळ्यात पोचल्यावर सहा वर्षांच्या चिमीने सगळ्यात मोठा भोपळाच निवडला. तिच्या कवेत मावेना, तेव्हा आईबाप दोघं तो गडगडवत गाडीकडे निघाले. साडेअकराला ट्रॅक्टरमागची पेंढा घातलेली ट्रॉली सफरचंदांच्या बागेकडे सुटणार होती. “गोट्याला तेवढं तू बघ,” भाऊ जाता जाता म्हणाला. गोट्या चार वर्षांचा. चिमीच्या बुटाची नाडी बांधायला आत्या खाली वाकली, आणि उठून बघते तर गोट्या नाही.

पण आरडाओरडा करणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेवटच्या थांब्यावर ती रोज रिकामी बस बाकाखाली वाकून वाकून बघायची, तसाच तिने मळा एका टोकापासून बघायला घेतला. चिमीला आईबापांकडे पिटाळलं. पेंढ्याची गंजी पाहिली, ट्रॅक्टरची शेड पाहिली, पंपामागे डोकावली. शेवटी कोंबड्यांच्या खोपटाबाहेर गोट्याचा लाल रबरी बूट आडवा पडलेला दिसला. एकच.

आत्याचा जीव भांड्यात पडला, पण पाय उंबऱ्याशीच अडले. दंगा करणाऱ्या दारुड्याला कॉलर धरून बसमधून उतरवणारी ही बाई कोंबड्यांना घाबरायची. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने तोंड घट्ट मिटलं, दार ढकललं आणि आत गेली.

आत अंधुक उजेड होता. एका लाकडी खोक्यापुढे गोट्या उकिडवा बसला होता. खोक्यात एक तपकिरी कोंबडी. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

“आत्या, हळू. ती अंडं घालतेय.”

“तुला कोणी सांगितलं?”

“मी सांगितलं,” मळ्याची मालकीण जाळीपलीकडून म्हणाली. ती दाणे ओतत होती. “तुम्हीही बसा. मध्येच हुसकलं तर रुसते ती.”

आत्याने घड्याळात पाहिलं. अकरा पंचवीस. “गोट्या, गाडी सुटेल.”

“सुटू दे,” गोट्या म्हणाला. “ती परत येते ना?”

असं तिला आजवर कोणी सुनावलं नव्हतं. तिने भावाला फोन लावला. “तुम्ही व्हा पुढे. गोट्या माझ्याजवळ आहे.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही कामात आहोत.”

ती पालथ्या बादलीवर बसली. एवढ्यात एक पांढरी कोंबडी तुरुतुरु आली आणि थेट तिच्या बुटावर चढली. आत्याने बादलीची कड घट्ट धरली.

“चावत नाही ती,” गोट्या म्हणाला. “तू घाबरलीस?”

“थोडी. मी तुझ्याएवढी असताना एक कोंबडा माझ्या मागे लागला होता. अख्खी गल्ली पळवलं मला.”

“मग?”

“मग काय, पाण्याच्या टाकीवर चढून बसले. तुझ्या आजोबांनी खाली उतरवलं.”

“रडलीस?”

“चांगलं भोकाड पसरलं.”

गोट्याने यावर विचार केला. मग तो सरकत सरकत तिला खेटून बसला आणि पांढरीला हाताने हळूच बाजूला केलं. “मी आहे ना,” तो म्हणाला.

वीस-पंचवीस मिनिटं दोघं तशीच बसून होती. मग तपकिरी कोंबडी अर्धवट उठली, पिसं फुलवली, क्षणभर थांबली, आणि एकदम असा कलकलाट केला की सारं खोपटं जागं झालं. पेंढ्यात अंडं होतं, अजून ओलसर. मालकीणबाईंनी ते गोट्याला दिलं. त्याने ते दोन्ही हातांत धरून आत्याच्या गालाला लावलं. चांगलं गरम होतं.

दोघं बाहेर आली तर ट्रॉली परतली होती. चिमीचे खिसे सफरचंदांनी फुगले होते.

“काय गं, तुझी गाडी चुकली?” भावाने डोळे मिचकावले.

“चुकली,” आत्या म्हणाली. “दुसरीने जाऊ.” आणि सगळेच दुसऱ्यांदा गेले. पेंढा चिमीच्या केसांतून काढता काढता वहिनीच्या नाकी नऊ आले.

घरी आल्यावर वहिनीने ते अंडं उकडून दोऱ्याने पाच फोडी केल्या. सगळ्यांनी आपापली फोड चवीने खाल्ली. गोट्याने मात्र आपली खाल्ली नाही. ती त्याने बशीत ठेवली, तिच्यासमोर हनुवटी टेकून बसला आणि बघता बघता तसाच झोपून गेला. आत्याने त्याला उचलून खांद्यावर टाकलं. तेवढ्यात चिमीने ती फोड हळूच तोंडात टाकली.